एक बांगडी सैल

मावशी,

तुझी निधनवार्ता मीच लिहिली. नाव, वय, कोराडी, पश्चात पती, भाची, नात, अंत्यसंस्कार. अशा मजकुरात विशेषणं घालायची नाहीत हा आमच्या पेपरच्या डेस्कचा नियम आहे. तो मी तुझ्यासाठीही मोडला नाही. त्या मजकुरात जे बसलं नाही ते इथे लिहिते आहे.

तुला न्यायच्या आधी बायकांनी तुझी हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. मावसाजी दाराजवळच्या खुर्चीत बसून होते. बांगड्या भरायला माझ्या सासूबाई पुढे झाल्या. शहरातल्या महाल भागातून कोराडीला येताना त्यांनी वाटेत गाडी थांबवून बांगड्या घेतल्या होत्या. शेजारच्या क्वार्टरमधली बाई म्हणाली, "अवं काकू, ही एक मोठी आली पाय. सैल हाय. काढून टाका."

सासूबाई म्हणाल्या, "असू द्या."

तुझ्या डाव्या हातात, सगळ्यात पुढे, ती बांगडी राहिली. मी पाहिलं. विचारायची वेळ नव्हती.

घाटावर लोक होते. पॉवर हाउसमधला एक जण पाळी संपवून तसाच आला होता, कपड्यांवर राख होती. मला म्हणाला, "ताई, मी बी त्यांच्याच हातचा." त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघांनी मान हलवली. वसाहतीत तुझ्या प्रसूतिगृहात जन्मलेले लोक स्वतःला असंच सांगतात. नलूबाईच्या हातचा, नलूबाईच्या हातची. माझी रेवा तुझ्या हातची नाही. तुझ्या-माझ्यात जो वाद राहून गेला, तो तिथून सुरू झाला.

आई तोवर गेली होती, पारशिवनीचं घर मामांकडे होतं, त्यामुळे माझं माहेर म्हणजे तू. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. अडचण एवढीच होती की सासूबाईंच्या भाषेत माझ्या माहेरी सुईण होती. तू नर्सिंग केलेलं होतंस, प्रसूतीचं वेगळं शिक्षण घेतलं होतंस, सरकारी दवाखान्यातली नोकरी सोडून चार खाटांचं प्रसूतिगृह चालवत होतीस. पण त्या शब्दाचा तुला राग आला नाही. "सुईण त सुईण. त्याच्यात काय खराब हाय?"

महालातल्या घरी, बाहेरच्या खोलीत, तुमची दोघींची बैठक झाली. मी मध्ये बसले होते. चिवडा कोणी खात नव्हतं.

"नलूताई, राग मानू नका," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे सगळ्यांचं धंतोलीतल्या दवाखान्यात झालं. तिथे मशीन आहे, भूल देणारे आहेत, रक्ताची सोय आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"मी हाय ना."

"तुम्ही आहात हो. पण ऐनवेळी काही झालं तर?"

"मंग धंतोलीले आणीन. धंतोली काय मुंबईत हाय का?"

मला हसू आलं. सासूबाईंना आलं नाही. त्यांच्या नणंदेच्या बाळंतपणात घरी काय झालं होतं ते त्यांनी पाहिलं होतं आणि त्याबद्दल त्या बोलत नसत. ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मला त्या फक्त हट्टी वाटल्या.

निर्णय माझा होता, असं दोघी म्हणाल्या. म्हणून मी मला येतं ते केलं. बातमीसाठी करते तसे तेच प्रश्न तुझ्याकडे आणि धंतोलीच्या डॉक्टरांकडे नेले. रक्तस्राव झाला तर, बाळ आडवं असलं तर, प्रेशर वाढलं तर. त्या डॉक्टरबाईंनी पूर्वी सरकारी दवाखान्यात तुझ्यासोबत ड्यूट्या केल्या होत्या. बाहेर बाकांवर यवतमाळ, भंडारा, चंद्रपूरहून आलेल्या बायका बसल्या होत्या. माझे प्रश्न ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या, "सगळं साधं असेल तर नलूकडे जा. ती तुझ्याजवळ बसून राहील. मला बसता येत नाही, बाहेर बघ, अख्खा विदर्भ बसलाय."

"आणि साधं नसेल तर?"

"तर ती तुला ठेवून घेणार नाही. एवढं मी तिला ओळखते."

तुला विचारलं तेव्हा तू कुकरची शिटी मोजत होतीस. "डॉक्टर लागते तेव्हा डॉक्टरच लागते," म्हणालीस. "नाही लागत तेव्हा डॉक्टर तिथं बसून काय करते? घड्याळ पाहते. घड्याळ पाहून पाहून मंग काहीतरी करते."

मी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ती एकमेकांच्या विरोधात नव्हती. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या धंतोलीत, बाकी सगळं तुझ्याकडे, असं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "माहेरचा मान आहे. मी कोण अडवणारी?" त्या वाक्याचा सूर सगळ्यांना समजला.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झालं. बांगडीवालीनं माझ्या हातात दोन-चारच्या मापाचा हिरवा चुडा भरला. मग तू पर्समधून कागदात गुंडाळलेली एक बांगडी काढलीस. तीही हिरवीच, पण दोन-सहाची. बांगडीवाली म्हणाली, "माय, ही पडन हातातून." तू म्हणालीस, "नाही पडत. ही माझी बांगडी हाय. ही भरायचीच."

सासूबाईंना ते आवडलं नाही. "एक वेगळीच वाजते," त्या म्हणाल्या.

तू मला बाजूला घेऊन सांगितलंस. प्रेशरचं मशीन तुझ्याकडे, पण दोन तपासण्यांच्या मध्ये माझ्याकडे काय? रोज सकाळी तोंड धुतल्यावर ती बांगडी मनगटावर गोल फिरवायची. फिरली की दिवस आपला. अडली की तुला सांगायचं. "पायाची सूज सगळ्याइलेच येते, तिचं नाव नको घेऊ. हाताची पायत जाय." तुझ्याकडे नाव नोंदवलेल्या प्रत्येक बाईच्या हातात अशी एक सैल बांगडी असायची. डॉक्टरबाईंना हे ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, चांगली सवय आहे, पण मशीनला पर्याय नाही. तूही तेच म्हणायचीस.

मग मी तुझ्याकडे राहायला आले. तुझ्या खिडकीच्या कठड्यावर रोज राखेचा थर बसायचा आणि तू तो रोज ओल्या फडक्यानं पुसायचीस. तपासायच्या आधी हात चोळून गरम करायचीस आणि प्रत्येक वेळी विचारायचीस, "लावू का वं हात?" मी म्हटलं, मावशी, मला काय विचारतेस, लहानपणी तू मला आंघोळ घातली आहेस. तू म्हणालीस, "तेव्हा पोट माझ्या भाचीचं होतं. आता तुह्या लेकराचं हाय. विचारा लागते."

आपलं भांडणही तिथेच झालं. भेटायला आलेल्या बायकांना तू अभिमानानं सांगायचीस, "माझ्याकडं सगळ्या नॉर्मल होतेत." एकदा समोर बसलेल्या सुनेचं सिझर झालेलं होतं. तिनं मांडीवरच्या बाळाचं टोपडं उगाच सारखं केलं. ती गेल्यावर मी तुला म्हटलं, तू नॉर्मल हा शब्द बक्षीस दिल्यासारखा वापरतेस. ज्यांना ते मिळत नाही त्यांना नापास झाल्यासारखं वाटतं.

"मी कोणाले नापास म्हणलं?"

"म्हणत नाहीस. पण त्यांना तसं ऐकू येतं."

"तुह्या पेपरात लिव्ह मंग," तू म्हणालीस आणि उठून पोळ्या लाटायला गेलीस. त्या दिवशीच्या पोळ्या फार पातळ झाल्या होत्या.

आठव्या महिन्यातली एक सकाळ. मी तोंड धुतलं, बांगडी फिरवली. ती फिरली नाही. आदल्या दिवशी थोडी जड फिरली होती, पण फिरली होती, आणि तू लगेच प्रेशर घेतलं होतंस तेव्हा ते ठीक होतं. मी चहाच्या टेबलाशी येऊन हात पुढे केला. तू बोटानं बांगडी ढकलून पाहिलीस. मग मशीन आणलंस. एकदा प्रेशर घेतलंस. मला डाव्या कुशीवर निजवलंस, थोडं थांबून पुन्हा घेतलंस.

"डोकं दुखते का वं?"

"ऊन आहे ना, त्याचं."

"मी ऊन नाही विचारून राहिली."

"दुखतंय. कालपासून."

तू पट्टा सोडलास, गुंडाळलास, डब्यात ठेवलास. "चाल," म्हणालीस. "धंतोली."

मी वाद घातला. काहून, कालपर्यंत तर सगळं नीट होतं, संध्याकाळपर्यंत पाहू, सासूबाई म्हणतील आम्ही सांगत होतो. तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस. फोनवर डॉक्टरबाईंना आकडे सांगत होतीस. फोन ठेवून म्हणालीस, "पायीन ना, संध्याकाळपर्यंत पायीन. मंग तुले झटके आले की कोणाले दाखवू, तुह्या सासूले?"

निघण्यापूर्वी तू साबणाच्या पाण्यात माझे हात बुडवून चुडा उतरवलास. धंतोलीत सुई लागणार, हात आणखी सुजणार, काच रुतणार, म्हणून. दोन-चारच्या बांगड्या अडून बसल्या होत्या. त्या तू रुमालात धरून एकेक वाढवल्यास. तुझी ती मोठी बांगडी तेवढी साबणानं निघाली. ती तू पर्समध्ये टाकलीस.

कोळशाच्या ट्रकांमागे आपली गाडी अडकली होती. रस्ताभर तुझा हात माझ्या पोटावर होता आणि त्या दिवशी तू विचारलं नव्हतंस.

धंतोलीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला, मग मनगटं पाहिली. ती मोकळी होती.

"चुडा कुठे गेला?"

"वाढवला," तू म्हणालीस. "सुई लावा लागन म्हणून."

"भरल्या ओटीनं पाठवली होती मी, भरल्या हातांनी. तुम्ही मोकळ्या हातांनी आणली." त्या सगळ्यांच्या समोर बोलल्या. बाकांवरच्या बायका पाहत होत्या. "शेवटी इथेच आणावं लागलं ना? मग आधीच का नाही?"

तू स्ट्रेचरची कड धरून आत चालत राहिलीस, दारापर्यंत. पुढे तुला जाता येणार नव्हतं.

रेवा त्याच दिवशी झाली. सिझर. वजन कमी होतं, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. माझं प्रेशर उतरायला वेळ लागला. डॉक्टरबाई माझ्या खाटेशी आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की मी वेळेत आले, उशिरा आले असते तर त्यांच्या हातात फार काही राहिलं नसतं. वेळेत मला तू आणलं होतंस. ही साधी वस्तुस्थिती होती आणि ती सासूबाईंना सांगायचं मी ठरवलं.

तू मला सांगू दिलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू स्टुलावर बसून मोसंबी सोलत होतीस. सासूबाई घरी जेवायला गेल्या होत्या. मी म्हटलं, त्या आल्या की सांगते. त्यांच्या कालच्या बोलण्यानं सगळ्या वॉर्डात झालंय की माहेरच्यांनी जीव धोक्यात घातला. हे खोटं आहे.

"राहू दे."

"का राहू दे?"

"तिले जिंकू दे." तू मोसंबीची फोड माझ्या हातात दिलीस. "तुले आता दोन महिने तिच्याच हाताखाली काढा लागते. लेकरू नाजूक हाय. हारलेली सासू लेकराकडं पाहत नाही, सुनेच्या चुका पाहते. जिंकलेली सासू बाळंतिणीले तळहातावर ठेवते. मले काय करायचं हाय जिंकून? मी त राहतो कोराडीले."

"पण ते खरं नाही."

"तुह्या पेपरात खरं लिव्ह. घरात लेकरू वाढव."

मला राग आला. तुझा नाही, त्या हिशेबाचा. आणि तो हिशेब बरोबर निघाला याचा जास्त. सासूबाईंनी मला खरोखर तळहातावर ठेवलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, रेवाला कापसात गुंडाळून छातीशी धरून तासन् तास बसणं. रेवा जगली यात डॉक्टरबाईंचा वाटा आहे, तुझा आहे, आणि त्या दोन महिन्यांचा आहे. तू भेटायला यायचीस तेव्हा पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायचीस. सासूबाई म्हणायच्या, "बघा नलूताई, कशी बाळसं धरून राहिली." तू म्हणायचीस, "तुमच्या हाताले यश हाय, ताई." मी स्वयंपाकघरात निघून जायचे.

त्यानंतर तुझ्या तोंडून मी नॉर्मल हा शब्द पूर्वीसारखा ऐकला नाही. कुणाचं बाळंतपण झालं की तू विचारायचीस, "दोघी बऱ्या हायेत ना?" मुलगा असला तर "दोघं". आपलं ते भांडण मी जिंकले की तू सोडून दिलंस, हे कधी ठरलं नाही. पण वसाहतीतल्या बायकांना तुझा हा बदल जाणवला होता.

दुसरा वाद चालूच राहिला. रेवाच्या बारशाला, तिच्या पहिल्या वाढदिवसाला, ती शाळेत जायला लागली तेव्हा, मी तुला विचारत राहिले: आता सांगू? तू म्हणायचीस, "कायले? लेकरू अजून खायचं हाय तिच्या हातचं." रेवा आता नववीत आहे, आजीला मोबाइल शिकवते. गेल्या महिन्यात तू खाटेवर होतीस तेव्हाही मी विचारलं. तुझा आवाज बसला होता. म्हणालीस, "तू पत्रकार हायस म्हणून तुले वाटते का कोणाले काही माहीत नसते."

मी त्या वाक्याकडे आजारी माणसाचं बोलणं म्हणून पाहिलं. पुढे विचारलं नाही.

तुला पोचवून आम्ही दुपारी परत निघालो. मावसाजींजवळ मामा थांबले. गाडीत मागे मी आणि सासूबाई. कोराडीच्या पॉवर हाउसच्या चिमण्या मागे गेल्यावर मी विचारलं, "ती एक बांगडी मोठी का घेतली होतीत?"

"दोन-सहाची," त्या म्हणाल्या. "तिची होती ना ती पद्धत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं. तू आत होतीस. बाहेर येऊन म्हणाल्या, तुमच्या विहीणबाईंनी तासभरही वाया घालवला नाही, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. मी त्यांना विचारलं, कळलं कसं तिला? तर त्यांनी बांगडीचं सांगितलं."

"मग तुम्ही इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं काय?" त्यांनी खिडकीची काच वर केली, बाहेर ट्रक होता. "दारात सगळ्यांसमोर बोलले होते मी. दुसऱ्या दिवशी माफी मागायला म्हणून लवकर जेवून परत आले. दारात आले तर ती तुला सांगत होती, तिले जिंकू दे. मोसंबी होती तिच्या हातात."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"तिनं दिलं, मी घेतलं," सासूबाई म्हणाल्या. "आत येऊन परत करायचं होतं का? मग तिनं एवढं गिळलं ते कशासाठी? मी म्हटलं ठीक आहे. जिंकलेली सासू व्हायचं आहे ना, होऊन दाखवते. रेवाला एक दिवस खाली ठेवली नाही मी." मग म्हणाल्या, "तिलाही कळलं होतं मला कळल्याचं. एकदा संक्रांतीला मी तिला म्हटलं, नलूताई, तुमची बांगडी अजून आहे का? हसली. म्हणाली, हाये, पर्समध्ये. बस. तेवढंच बोललो आम्ही."

मानकापूरच्या सिग्नलला गाडी थांबली. सासूबाईंनी डोळे पुसले आणि पदर नीट केला.

"तू हे लिहिशील," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता.

"लिहीन."

"मग माझंही नीट लिही. चुडा वाढवल्याचा मला खरंच राग आला होता. तो खोटा नव्हता. आणि धंतोली बरोबरच होती, त्या दिवशी."

मावशी, त्यांचं म्हणणं वर दिलं आहे, शब्द न बदलता. डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी दुजोरा दिला आणि म्हणाल्या, आता साधी बाळंतपणं मी कोणाकडे पाठवू? तुझी पर्स मावसाजींनी मला दिली. बांगडी आतल्या कप्प्यात आहे, त्याच कागदात. ती रेवासाठी ठेवते आहे. डॉक्टर की सुईण, ते तिच्या वेळी ती ठरवेल. बांगडी दोन्हीकडे चालते.

बातमी पूर्ण करताना सगळ्या बाजू घ्यायच्या असतात. तुझी प्रतिक्रिया घ्यायची राहिली.